साडेदहाची पक्षीगणना

आमच्या खात्यात पक्ष्यांनाही कार्यालयीन वेळ पाळावी लागते. तळ्यावरची वार्षिक पाणपक्षी गणना खरं तर उजाडताना व्हायला हवी, पण साहेबांना उजाडतं साडेनऊला. म्हणून परिपत्रकात वेळ छापली साडेदहाची. मी तिथला कारकून. परिपत्रक मीच टाईप केलं आणि खाली 'वेळेचे कटाक्षाने पालन व्हावे' हेही मीच हौसेनं घातलं.

गणना करायची माझी थोरली बहीण. ती शाळेत गणित शिकवते आणि एकोणीस वर्षं हे काम फुकट करते. फुकट करते म्हणूनच साहेब तिला 'आमच्या मॅडम' म्हणतात. यंदा आकडा सलग तिसऱ्या वर्षी तीन हजारांच्या खाली आला असता, तर तळं संरक्षित यादीतून बाहेर पडणार होतं. मग काठावरच्या जागेवर कोण कोण तुटून पडणार, ते आमच्या शिपायालासुद्धा तोंडपाठ होतं.

ताई नेहमीसारखी पहाटेच पोचली. नजरेनं दहा-दहाचे घोळके पाडत तिनं अख्खं तळं दोनदा मोजलं. चार हजार तीनशे बारा!

"वाचलं रे तळं," ती फोनवर म्हणाली. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

साडेदहाला साहेब आले. त्यांच्या आधी मांडव, फीत आणि दोन कर्णे आले होते. साहेबांनी माईकवर टिचकी मारली, 'हॅलो, हॅलो' केलं. पक्षी आमच्यापेक्षा शहाणे. पुढचं भाषण ऐकायला ते थांबलेच नाहीत. साहेब चाळीस मिनिटं पक्षीप्रेमावर बोलले, रिकाम्या पाण्यापुढे.

मग गणना झाली. सतरा.

"पहाटेचा आकडा धरा," ताईनं वही पुढे केली.

"मॅडम, पहाटे कार्यक्रमच सुरू झाला नव्हता. ते पक्षी अधिकृत कसे धरायचे?"

"मग माझी सही मिळणार नाही."

साहेब अजिबात चिडले नाहीत. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला, पेनाचं टोपणही स्वतः काढून दिलं. "तुम्ही भरा. तुमच्या बढतीचं माझ्याच टेबलावर आहे ना?"

माझ्या तिखट जिभेची खात्यात ख्याती आहे. त्या दिवशी ती टाळूला चिकटली. ताईसमोर मी फॉर्म भरला आणि सही ठोकली.

संध्याकाळी ती घरी आली. चहाला नको म्हणाली. फॉर्मची प्रत मागून घेतली आणि मुलांच्या वह्या तपासते तशी लाल पेनानं वाचायला बसली. जातीच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'बदक'. तिनं त्यावर काट मारली.

"पाणकावळे होते. सतराच्या सतरा. काळेकुट्ट, मान उंच करून बसलेले. तू समोर उभा होतास ना? एकदाही पाहिलं नाहीस?"

लाजेनं माझे कान तापले.

"नाही," मी म्हणालो. "मी साहेबांकडे बघत होतो."