आत गिऱ्हाईक, बाहेर पोस्ट

बाबांनी सांगितलेला रस्ता चुकला, हे त्यांनी कबूल केलं नाही आणि काकांनी सोडलं नाही. मग दोघांनी बोलणंच टाकलं. गाडी मी चालवत होतो, त्यामुळे दोघंही माझ्याशी बोलून एकमेकांना ऐकवत होते.

"तुझ्या बापाला सांग, पुढे रस्ता संपलाय."

"तुझ्या काकाला सांग, मलाही डोळे आहेत."

रस्ता खरंच संपला. तिथे एक पत्रपेटी होती. जवळ गेल्यावर तिला दार असल्याचं दिसलं, दारातून एक बाई डोकावल्या, आणि ते अख्खं पोस्ट ऑफिस निघालं.

आत टेबल-खुर्ची, वजनकाटा आणि एक माणूस एवढंच मावत होतं. बाबा रस्ता विचारायला शिरले तशा पोस्टमास्तरीणबाई बाहेर आल्या आणि खिडकीतून आत हात घालून म्हणाल्या, "बोला."

"अहो, तुम्ही बाहेर कशाला?"

"मग गिऱ्हाइकाला उन्हात उभं करू? बसा खुर्चीवर. शिक्का जरा इकडे सरकवा."

काकांना राहवलं नाही, तेही आत घुसले. आता दोघं भाऊ पोटाला पोट लावून, एकमेकांशी न बोलता उभे होते.

"रस्ता सांगते, पण आधी एखादं पत्र टाकता का?" बाई म्हणाल्या. "आज थैली रिकामी गेली तर ऑफिस बंद, असं वरून बजावलंय. टपालगाडी येईलच."

"तुम्हीच टाका ना एक," काका म्हणाले.

"इतके दिवस तेच केलं. वरच्यांनी अक्षर ओळखलं."

"मग तुमचं काय होणार?" बाबांनी विचारलं.

"शहरात बदली. मोठं ऑफिस, पंखा, सगळं. पण तिथे गिऱ्हाईक उन्हात असतं हो."

बाबांनी निमूट पोस्टकार्ड घेतलं. काकांनीही घेतलं, कारण बाबांनी घेतलं. पण लिहायचं कुणाला? दोघांना एकच पत्ता पाठ होता, आणि त्या घरात दोघंही राहतात.

"एकमेकांना लिहा, पत्ता इथलाच घाला," बाई म्हणाल्या. "मोठ्या ऑफिसात जाऊन परत येईल. जाताना मोजतील, येताना मोजतील. आठवड्याने येऊन घेऊन जा."

दोघांनी एकमेकांच्या पाठीचं टेबल करून लिहिलं. आळीपाळीने. बराच वेळ. मी खिडकीतून डोकावलो तर दोघांनीही हाताने झाकलं.

टपालगाडीवाल्याने थैली उचलून हलवली. "रिकामीच ना?"

"दोन आहेत," बाई म्हणाल्या. "नीट धर, वाकतील."

गाडी गेल्यावर त्यांनी आम्हाला रस्ता इतका खुशीत सांगितला की निम्मा राहूनच गेला.

परतीला काका म्हणाले, "तुझ्या बापाला विचार, काय लिहिलंय."

"तुझ्या काकाला सांग, आठवड्याने वाच."

"यायचं तर इथे पोचायचं कसं? आपण चुकून आलोय."

बाबा विचारात पडले. "परत तसंच चुकायचं. त्या वडापासून डावीकडे."

"वडापासून नाही रे दादा, पुलापासून! चुकलास तो पुलापासून!"

"मी चुकलो तेव्हा तू झोपला होतास!"

मी आरसा नीट केला आणि गाडी हळू घेतली. आता माझ्यामार्फत कुणीच बोलत नव्हतं.