वाऱ्यातली पट्टी

गवत कापायचं मशीन सुरू झालं की नेरूळच्या त्या सोसायटीतल्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. पूर्वी ते कुरकुरत का होईना, एका लयीत चालायचं. यंदा दसऱ्यानंतर मात्र दोरी ओढली की किंचाळायला लागायचं, ते बंद करेपर्यंत. मारोती माळी दांडा धरून मागे रेलायचा आणि तिथेच राहणाऱ्या वैजयंतीला म्हणायचा,

"मशीन न्हाई मॅडम, उधळलेलं वासरू हाय. पातं सुटलं तर माझे पाय गेले."

मशीन विकून टाकायला सेक्रेटरी इंद्रजितने येत्या रविवारी संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावलं होतं. मशीन गेल्याचं वैजयंतीला फारसं काही वाटलं नसतं. पण इंद्रजित जिन्यात हसत म्हणाला होता, "आबांनी सर्व्हिसिंग केली आणि मशीनला जवानी आली बघा, वहिनी!" आणि मागून पिशवी घेऊन येणाऱ्या आबांनी ते ऐकलं होतं.

आबा म्हणजे तिचे सासरे, शिवराम. सगळी नोकरी फिटर म्हणून झालेली. दर खंडेनवमीला मशीन उघडून पुसायचं काम त्यांचंच. यंदा हात थरथरत होते, तरी त्यांनी ते कुणाला करू दिलं नव्हतं. आता ते स्वतःच म्हणत होते, "वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग चुकीच्या भोकात लावली असणार मी. हात ऐकत नाहीत. संपलं आपलं." हत्यारांची पेटी त्यांनी माळ्यावर टाकून दिली होती. मिक्सरचा सैल झालेला स्क्रूसुद्धा पिळेनात.

रविवारी सकाळी वैजयंतीने पेटी खाली काढली. ती रबाळ्याच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायची. बिघाड कुठे आहे ते पाहिल्याशिवाय तो कुणामुळे झाला हे ठरवायचं नाही, ही तिथली सवय अंगात मुरली होती.

"आबा, खाली चला. तुम्ही नुसतं सांगा, मी उघडते."

"कशाला? माझी चूक बघायला?"

"असली तर बघू."

मारोतीने बागेत मशीन आणून ठेवलं होतं. आबा आले, पण बाकावर हात काखेत घालून बसले. वैजयंतीने पाना उचलला तसे मात्र न राहवून म्हणाले, "आधी प्लगची वायर काढ. बोटं हवीत ना?"

तिने वायर काढली. मग कार्बोरेटरपाशी वाकून पाहिलं. "स्प्रिंग मधल्या भोकात आहे."

आबा उठून जवळ आले. "मधल्या? नीट बघ."

"मधल्याच."

"मधल्यातच पाहिजे," ते हळूच म्हणाले. "मग पळतंय का असं?"

तिने वरचं झाकण सोडवून बाजूला ठेवलं. आत जड चाक होतं आणि त्याच्या कडेने पंख्यासारखी पाती. चाकाला लागून पत्र्याची एक पट्टी उभी होती, विड्याच्या पानाएवढी.

"ही काय?"

"हाच गव्हर्नर."

"एवढासा?" आत दातेरी चाकं, वजनं, असं काहीतरी असेल अशी तिची समजूत होती.

"एवढासाच. स्प्रिंग इंजिनाला म्हणते, पळ. ते पळालं की चाक जोरात वारा मारतं. वारा या पट्टीला ढकलतो आणि पट्टी तारेने पेट्रोलची झडप ओढून बंद करायला लागते. दमलं की वारा पडतो, झडप पुन्हा उघडते."

वैजयंती पाना हातात धरून तशीच बसून राहिली. कंपनीत एक तापमान स्थिर ठेवायला अख्खी कपाटभर यंत्रणा होती. इथे पत्र्याचा एक तुकडा इंजिनाच्याच वाऱ्यात उभा राहून त्याच इंजिनाला आवरत होता. जितकं ते पळेल, तितका लगाम घट्ट. मोजणारं कुणी नाही, ठरवणारं कुणी नाही. इतकी वर्षं हे तिच्या खिडकीखाली चाललं होतं.

तिने पट्टीला बोटाने ढकललं. पट्टी हलली नाही.

"टॉर्च," आबा म्हणाले.

पट्टी ज्या खिळीवर फिरायची तिच्याभोवती दोरा गच्च आवळला होता. तिने भुवयांचा चिमटा आणून तो उलगडत बाहेर काढला. टोकाला वाळून तपकिरी झालेला झेंडूचा देठ होता.

तिघंही त्या देठाकडे पाहत राहिले. खंडेनवमीला मशीनला हार घातला होता तो वैजयंतीने. दांड्याला घातला तर घसरतो म्हणून वरच्या झाकणाच्या जाळीतून ओवून, घट्ट बांधून.

"मी वढला तवा निम्माच निघाला," मारोती ओशाळून म्हणाला. "म्हटलं, ऱ्हायलेली फुलं उडून जातील."

"हार मी बांधला होता, आबा," वैजयंती म्हणाली. "तुमचं काम बरोबर होतं."

आबांनी तो देठ तळहातावर घेतला. "पूजा लागली म्हणायची त्याला," ते म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले. मग पेटीतून स्क्रू ड्रायव्हर काढून झाकण स्वतःच बसवायला घेतलं. स्क्रू दोनदा गवतात पडला. दोन्ही वेळा वैजयंतीने तो उचलून दिला, पण फिरवला नाही.

मारोतीने दोरी ओढली. इंजिन गरजलं, वर चढायला लागलं, आणि कुणीतरी पाठीवर हात ठेवावा तसं खाली आलं. झाकणाबाहेरची काडीएवढी तार किंचित पुढे सरकली, थरथरली, स्थिरावली. मारोतीने मशीन उंच गवतात घातलं. इंजिन दबलं, तार मागे सरली, जोर वाढला. मोकळ्या जागेत आलं तशी तार पुन्हा पुढे. वैजयंती मशीनबरोबर वाकून चालत होती. तारेवरून तिची नजर हटेना.

"भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणावं," आबा वर पाहत ओरडले. गॅलरीत इंद्रजित उभा होता. "आणि तुझ्या घरचा पंखा आवाज करतो म्हणत होतास ना? येतो उद्या."

मारोतीने मशीन त्यांच्यासमोर आणून उभं केलं. आबांनी झाकणावर हात ठेवला. हात थरथरत होता, झाकणही थरथरत होतं, आणि त्यातली कुठली थरथर कुणाची हे वैजयंतीला सांगता आलं नसतं.

"पुढच्या वर्षी हार दांड्यालाच," आबा म्हणाले. "घसरला तर घसरला."