बारा का सोळा

आष्ट्याच्या एसटी स्टँडसमोर दस्तगीर मुल्ला आणि धैर्यशील यांचं भागीदारीतलं दुकान आहे. लग्नाचे फोटो काढायचे, फिल्म बनवायच्या. दुकान काढल्यापासून दोघांत कधी वाकडा शब्द गेला नव्हता, आणि त्याचं श्रेय बरंचसं दस्तगीरचं. धैर्यशील म्हणाला पाटी निळी, की पाटी निळी. धैर्यशील म्हणाला सुट्टी सोमवारी, की सोमवारी. दस्तगीरची बायको जरिना म्हणायची, "तुमचं लगीन माझ्यासंगं लागलंय का त्यांच्यासंगं?"

ऐन लग्नसराईत कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड गेलं. नवरीच्या तोंडावर हिरव्या रेघा उमटायला लागल्या आणि थोड्या वेळानं नवरीही गेली, नुसत्या रेघा उरल्या. दोघं मोटरसायकलवरून सांगलीला गेले.

दुकानदारानं दोन खोकी पुढ्यात ठेवली. किंमत जवळजवळ सारखी. एकाची मेमरी बारा जीबी, पण चिप जोरकस आणि मेमरीकडं जायचा रस्ता रुंद, एकशे ब्याण्णव बिटचा. दुसऱ्याची मेमरी सोळा जीबी, पण चिप जरा मवाळ आणि रस्ता एकशे अठ्ठावीसचा. वीज मात्र ते कमी खाणारं.

"बाराचं द्या," धैर्यशील म्हणाला. "पळणारं जनावर हाय."

"सोळाचं घिऊया," दस्तगीर म्हणाला, आणि आपण हे बोललो याचं त्यालाच नवल वाटलं.

धैर्यशील त्याच्याकडं बघतच राहिला. मग समजूत घालायच्या सुरात म्हणाला, "आरं, कारखान्याचं गेट रुंद आसलं की उसाच्या गाड्या भराभर आत जात्यात. तुझ्या सोळाला गेटच बारकं."

"आन आत पटांगणच बारकं आसंल तर? गाड्या रस्त्यावर हुब्या ऱ्हात्यात. मग रुंद गेट घिऊन काय करायचं?"

"रिकाम्या पटांगणात काय कबड्डी खेळायचीय?"

त्या गेटात आणि पटांगणात दुकानदाराची बाकीची गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी तोच वैतागून म्हणाला, "दोन्ही न्या. लावून बघा. नको आसंल ते परत आणा, पण भांडाण आष्ट्याला न्या."

परतताना मोटरसायकलवर दोघांच्या मधे दोन खोकी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडेगावचे लालासाहेब दुकानात आले. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांच्या मुलीच्या, प्रियदर्शनीच्या लग्नाची फिल्म याच दोघांकडं अडकली होती. ती मागायला ते आले होते, पण दोन कार्डांची हकीकत ऐकताच खुर्ची ओढून बसले आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"पंच मी," ते म्हणाले. "माझ्याच पोरीच्या फिल्मवर टेस्ट घ्या."

बाराचं कार्ड लांबीला एवढं, की आतला एक कप्पा उचकटून काढावा लागला. पण चालू झालं ते असं, की हळदीचं गाणं तयार व्हायला चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही. सोळानं तेच गाणं रमतगमत केलं. धैर्यशीलनं जिलबी मागवली. दस्तगीरनं ती खाल्ली, पण गोड लागली नाही.

मग अख्खी फिल्म लावली. दोन कॅमेरे, वर ड्रोन, शिवाय सगळ्यांचे चेहरे उजळ करायचे. पुरुषांच्या बाजूला एक नंबरचा कॅमेरा होता, बायकांच्या बाजूला दोन नंबरचा. बारा जोरात निघालं आणि मांडवाच्या दारात अडलं. पडद्यावर चौकट आली, मेमरी भरली.

दस्तगीरला आतून एवढा आनंद झाला की त्याला स्वतःची लाज वाटली. तो खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

"उगा वजन झालंय," धैर्यशील म्हणाला आणि त्यानं दोन नंबरचा कॅमेराच काढून टाकला. आता बारा शेवटपर्यंत पळालं.

"आता मी सोळावर पुरी फिल्म लावतो," दस्तगीर म्हणाला.

"न्हाई," लालासाहेबांनी हात वर केला. "एकानं पाठीवर सामानाचा पिट्ठू घिऊन पळायचं आन दुसऱ्यानं मोकळं, हे पलटणीत चालत न्हाई. दोघांस्नी वजन सारखंच."

"आवं, पण माझं त्ये सगळं वजन उचलतंय."

"सारखंच."

सारख्या वजनाला सोळा मागं पडलं. लालासाहेबांनी बारा जिंकल्याचं जाहीर केलं, ती फिल्म पेनड्राइव्हवर घेतली आणि दोघांना बघायला कडेगावला बोलावलं.

घरात सगळा गोतावळा टीव्हीपुढं जमला होता. सर्वांत पुढं लालासाहेबांची थोरली बहीण, राहीबाई. फिल्म सुरू झाली. फेटे दिसले, बँड दिसला, ड्रोनमधून अख्खं गाव दिसलं. फेट्यांच्या त्या गर्दीत नवरी मात्र एकटीच बसली होती, कुठून तरी पळवून आणल्यासारखी.

राहीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "लाला, आमी न्हवतो व्हय रं लग्नाला?"

लालासाहेबांनी कार्डं, मेमरी, सारखं वजन, सगळं समजावून सांगितलं. जसजसं सांगत गेले तसतसा त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"म्हंजे बायकांस्नी वजन म्हणून उतरीवलं," राहीबाई म्हणाल्या. खोलीतल्या सगळ्या बायका आता टीव्ही सोडून सुभेदारांकडं बघत होत्या. "कंच्या कार्डावर बायका दिसत्यात?"

धैर्यशील चपला शोधायला लागला.

"सोळाच्या, अक्का," दस्तगीर हळूच म्हणाला.

"मग त्ये लावा."

सोळानं पूर्ण फिल्म केली. सावकाश केली, पण कुठं अडलं नाही. रविवारी पुन्हा सगळे जमले. या वेळी व्याही आणि विहीणबाई दीपमालाही आल्या होत्या. आता बायकाच बायका दिसत होत्या, आणि दोन नंबरच्या कॅमेऱ्याचा माइक चांगला असल्यानं त्यांचं बोलणंही स्वच्छ ऐकू येत होतं. मंगलाष्टकांच्या मधेच राहीबाईंचा आवाज आला, "विहिणीचा शालू बघितलास का? असलं कापाड सोफ्याला घालत्यात."

शिऱ्याचे चमचे बशीत थांबले. दस्तगीर रिमोट शोधत होता, तो नेमका लालासाहेबांच्या मांडीखाली होता.

दीपमाला शांतपणे म्हणाल्या, "मीबी दुकानात ह्येच म्हणत हुते. ह्यांनी ऐकलं न्हाई. ह्यांचीच पसंती हाय ती."

सगळ्यांनी व्याह्यांकडं बघितलं. त्यांनी बशीत मान घातली. राहीबाई जराशा सरकल्या, विहीणबाईंना शेजारी जागा दिली, आणि पुढची सगळी फिल्म दोघींनी मिळून प्रत्येकाला नावं ठेवत बघितली.

घरी निघाल्यावर दस्तगीरला मागं बसवून धैर्यशीलनं मोटरसायकल दामटली. मग गाडीचा वेग कमी करून म्हणाला, "सोळाच ठिवू. बारा मी उद्या सांगलीला दिऊन येतो."

"बरं," दस्तगीर म्हणाला.

"पण पळत हुतं गड्या लय."

"पळत हुतं, खरं हाय," दस्तगीर म्हणाला. भांडण जिंकल्यावर काय बोलायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं धैर्यशीलच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाव येईपर्यंत तो तसाच राहू दिला.