पाठीवरची नजर

“अजून किती लांब हाय गाडी?” क्रांतीनं विचारलं.

“ही काय, पुढच्या वळणावर,” तो माणूस म्हणाला आणि चालत राहिला.

रविवारची सकाळ, साडेदहा वाजलेले. स्वारगेटपासून तीन गल्ल्या आत आल्यावर मोठ्या रस्त्याचा गलका मागं पडला होता आणि क्रांतीला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. दोन्ही बाजूंना गॅरेजं आणि गोदामं. सगळ्यांची शटरं खाली.

क्रांती विरकर अडतीस वर्षांची, म्हसवडकडच्या एका वाडीतली डाकसेविका. चौदा वर्षं टपाल वाटत होती. आज पोस्टमनच्या जागेसाठी खात्याची परीक्षा होती, बारा वाजता, पुण्यातल्या एका शाळेत. पावणेबाराला फाटक बंद होणार, असं प्रवेशपत्रावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. नवरा जोतीराम सोबत येतो म्हणाला होता. “रोज एकटीच फिरते की मी. तुमी कशाला खोटी होताय?” असं म्हणून तिनंच त्याला घरी बसवलं आणि पहाटेची एसटी धरली.

स्टँडवर उतरल्यावर प्रवेशपत्र हातात धरून तिनं एका दुकानदाराला शाळेचा पत्ता विचारला. दुकानदारानं ठाऊक नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात शेजारून आवाज आला, “विरकर मॅडम ना? म्हसवडच्या?”

चाळिशीचा माणूस. इस्त्रीचा आकाशी शर्ट, खिशाला पेन, गळ्यात कसलंसं ओळखपत्र. आपणही पोस्टातलाच, परीक्षेच्याच कामावर आहोत, असं त्यानं सांगितलं. सेंटर आयत्या वेळी बदललंय, नव्या सेंटरला बस जात नाही, बाहेरगावच्या बायकांसाठी खात्यानं गाडी ठेवलीय. “आणि मी पण म्हसवडचाच की. आपल्या गावच्या माणसाला असं सोडून कसं चालंल?”

नाव ठाऊक, गाव ठाऊक, परीक्षा ठाऊक. पहाटे तीनला उठलेल्या क्रांतीला हायसं वाटलं होतं. आता या सुन्या गल्लीत ते हायसं वाटणं हळूहळू उतरत होतं. नाव आणि गाव तर प्रवेशपत्रावरच होतं. ते आपण किती वेळ असं उघडं धरून उभ्या होतो?

वळण आलं. पुढं एक पांढरी गाडी उभी होती, काचा काळ्या. चाकापाशी बसलेला दुसरा माणूस यांना बघून गाडीत जाऊन बसला. मागचं दार आतून उघडलं गेलं.

“बाकीच्या बायका?” क्रांतीनं विचारलं.

“त्यांची फेरी झाली. तुम्ही शेवटच्या.”

तिचे पाय आपोआप मंदावले. पण आवाज तिनं साधाच ठेवला. “म्हसवडात घर कुठं तुमचं?”

“देवळामागं. सिद्धनाथाच्या.”

“देवळामागं कुनाच्या शेजारी?”

“पाटलांच्या.” तो हसला. “चला, उशीर होतोय.”

देवळामागच्या आळीत तिनं बदलीवर तीन वर्षं टपाल वाटलं होतं. तिथली घरं तिला दारांच्या रंगासकट पाठ होती. त्या आळीत एकही पाटील नव्हता.

पळावं तर मागच्या तिन्ही गल्ल्या सुन्या होत्या. ओरडावं तर ऐकायला कोण होतं? तो एक पाऊल जवळ आला आणि त्यानं तिच्या पिशवीला हात घातला, सामान उचलून द्यावं तसा. तेवढ्यात कुठूनतरी घरघर ऐकू आली. पिठाच्या गिरणीची. गावाकडं असते तशीच.

क्रांतीनं पिशवी सोडली आणि आवाजाच्या दिशेनं वळली. मागून “अहो मॅडम” अशी हाक आली, मग पावलं. तिनं मागं पाहिलं नाही. दोन बंद दुकानं ओलांडल्यावर अर्धं शटर वर असलेली गिरणी दिसली. ती वाकून सरळ आत शिरली आणि डब्यांच्या रांगेमागं जाऊन उभी राहिली.

गिरणीवर एक साठीची बाई होती. डोक्याला फडकं, भुवयांवर पीठ. तिनं गिरणीचं बटण बंद केलं. घरघर थांबली आणि त्या शांततेत क्रांतीला स्वतःचे दात एकमेकांवर वाजताना ऐकू आले.

“काय झालं गं?” बाईनं विचारलं.

क्रांतीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत तो माणूस दारात आला. हातात तिची पिशवी होती. चेहऱ्यावर राग नव्हता, घाई नव्हती. त्याचंच तिला सगळ्यात जास्त भय वाटलं.

“माफ करा हं मावशी,” तो म्हणाला. “आमची वहिनी आहे. घरात भांडून निघून आलीय सकाळी. डोक्यानं जरा अशीच आहे. वहिनी, चला, दादा वाट बघतोय गाडीत.”

“मी याला वळखत न्हाई,” क्रांती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला स्वतःलाच तो खोटा वाटला.

“क्रांती नाव तिचं. क्रांती विरकर, म्हसवडची. विचारा तिला.”

बाईनं तिच्याकडं पाहिलं. “हेच नाव हाय तुझं?”

“व्हय.”

बाईची नजर क्रांतीवरून त्या माणसावर गेली, पिशवीवर गेली, पुन्हा क्रांतीवर आली. क्रांतीच्या लक्षात आलं की ही बाई आता त्याच्यावर विश्वास ठेवू शकते. स्वच्छ कपड्यांतला, नीट बोलणारा माणूस आणि डब्यांमागं थरथरणारी बाई. आपण तिच्या जागी असतो तर कुणाचं खरं मानलं असतं? आपल्या नावानंच आपल्याला त्याच्या हवाली करायची वेळ आणली होती.

“पोरं किती हिला?” बाईनं एकदम विचारलं. त्याला.

“दोन,” तो म्हणाला. “एक मुलगा, एक मुलगी.”

“तू सांग गं.”

“येकच हाय. राणी. नववीत हाय ती.”

माणसानं तोंड उघडलं, पण बाईनं त्याला बोलू दिलं नाही. शटर ओढायचा लोखंडी आकडा तिनं हातात घेतला होता. “पिशवी ठेव तिथं आणि बाहेर हो,” ती म्हणाली. दुसऱ्या हातानं तिनं मोबाइल काढला आणि पोलिसांना एकशे बारा नंबर लावला.

त्यानं पिशवी खाली ठेवली. जाताना तो क्रांतीकडं बघून म्हणाला, “पत्ता आहे माझ्याकडं,” आणि सावकाश निघून गेला. थोड्या वेळानं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बाईनं शटर आतून खाली ओढलं.

पिठाच्या वासात, अंधुक उजेडात दोघी बसून राहिल्या. बाईचं नाव राहीबाई, मूळची कोरेगावकडची. तिनं पाणी दिलं. क्रांतीला पेला धरवेना, तेव्हा तिनंच तो धरला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

“मावशी, माजा बाराचा पेपर हाय.”

“मग जा की. रिक्षा करून देते.”

क्रांती उठली. शटरपर्यंत गेली. पलीकडं गल्लीत कसलासा आवाज झाला, एखादं पाऊल किंवा नुसतं कागदाचं फडफडणं, आणि ती तिथंच थांबली. शटरला लावलेला हात तिनं काढून घेतला. परत येऊन ती डब्यांमागं बसली. राहीबाईनं तिला पुन्हा जा म्हटलं नाही.

पोलिसांची गाडी आली तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. चौकीत हवालदारानं सगळं ऐकून घेतलं. “काही झालं तर नाही ना, ताई?” त्यानं विचारलं. “बाहेरगावच्या आहात. तक्रार दिली तर पुन्हा हेलपाटे पडतील. बघा, विचार करा.”

क्रांतीनं घड्याळाकडं पाहिलं. बाराला सात मिनिटं कमी होती. फाटक बंद झालं होतं.

“कागद द्या,” ती म्हणाली. “मीच लिवते.”

तिनं सगळं लिहिलं. माणसाची उंची, शर्टाचा रंग, पांढऱ्या गाडीच्या नंबरातले लक्षात राहिलेले शेवटचे तीन आकडे, त्यानं सांगितलेलं खोटं घर. पहिल्या चार ओळींत अक्षर वेडंवाकडं आलं, मग सावरलं. राहीबाईनं साक्षीदार म्हणून खाली सही केली. तक्रारीची प्रत घडी करून क्रांतीनं ब्लाउजमध्ये ठेवली.

राहीबाईच तिला स्टँडवर घेऊन आली. म्हसवडच्या एसटीपाशी उभं राहून क्रांतीनं जोतीरामला फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं.

“तुला लागलं न्हाई ना कुटं?” त्यानं विचारलं.

“न्हाई.”

“मग जाऊ दे पेपर. पुढच्या वक्ताला मी येतो संगं. एकटीनं न्हाई जायाचं आता.”

नको, मी जाईन एकटी, असं तिच्या मनात आलं. चौदा वर्षं ती हेच म्हणत आली होती. या वेळी ते शब्द ओठापर्यंत आले नाहीत.

“बरं,” ती म्हणाली.

क्रांती गाडीत चढून खिडकीपाशी बसल्यावर राहीबाईनं बाहेरून तिचा हात एकदा दाबला आणि ती निघाली. तिच्या डब्यांची दळणं खोळंबली होती. गाडीत गर्दी नव्हती. पुढच्या कितीतरी सीटा मोकळ्या होत्या, पण क्रांती खिडकीजवळून उठून गाडीच्या अगदी शेवटच्या बाकावर, कोपऱ्यात जाऊन बसली.

कंडक्टर तिकीट फाडायला तिथवर आला. “ताई, पुढं बसा की. फलटणच्या पुढं हितं लय आदळतंय.”

“असू द्या,” क्रांती म्हणाली. “हितं बरं हाय.”

गाडी सुटली. पहिल्याच खड्ड्याला ती बाकावरून वर उडाली आणि खाली आपटली. तिनं पुढच्या सीटचा दांडा धरला, पाठ मागच्या पत्र्याला घट्ट टेकवली आणि समोर बसलेल्या प्रत्येकाचं डोकं नीट दिसेल अशी बसली.