जांभ्याच्या पोटातली हजेरी

शिक्षणाधिकारी साहेब, त्या विवराच्या तोंडाशी शाळेच्या लेकरांना तुम्हीच उभं केलंत. निसर्ग दाखवा म्हणालात, फोटो धाडा म्हणालात. दिवा मात्र एकच दिलात, आणि तोही फोटोपुरता सरांच्या हातात.

वर पौषाचं ऊन पसरलं होतं, हळदुवं, आळसावलेलं. सड्यावरचं, त्या कातळी माळावरचं सोनकेशी गवत वाऱ्यानं लवत होतं, उठत होतं. खाली जांभ्या दगडाच्या रक्तवर्ण जबड्यात काळोख होता; निबिड, ओलसर, वटवाघळांच्या पंखांनी श्वास घेणारा.

त्या काळोखात सातवीतली केतकी अडकली होती. रांगेच्या शेपटाला चालताना पाय घसरला, आणि दोन शिळांच्या फटीत ती छातीपर्यंत उतरली. दगड थंड, दगड ओला, दगड मुका. हाक ओठांपर्यंत यायची आणि तिथंच झिरपून जायची.

गुहेच्या तोंडाशी, उजेडाच्या कमानीत, देवरुखकर सर हजेरी घेऊ लागले. एकेक नाव पाकोळीसारखं आत भिरभिरत आलं.

"केतकी शिरधनकर."

तिनं श्वास गोळा केला. तेवढ्यात बाहेरून तिचंच उत्तर आलं, बारीक, नाकातलं.

"हजर."

निलोफर. जिवाची मैत्रीण. खाडीची होडी चुकली आणि केतकीला उशीर झाला की वर्गात तिच्या वतीनं बोलणारी निलोफर.

"मागं रेंगाळली असेल येडी," ती कुणाला तरी म्हणाली, आणि हसली.

मायेनं दिलेला तो कोवळा 'हजर' गुहेच्या तोंडावर शिळेसारखा बसला. पावलं गेली. हसू गेलं. गाडीची घरघर डोंगरात विरली. उजेडाची कमान तांबूस झाली, राखाडी झाली. उरला फक्त छतावरून ठिबकणारा थेंब. केतकीचं नाव गाडीत बसून घरी निघालं होतं, आणि बिननावाचा देह इथं गारठत होता.

मग चपलांचा फटफटाट आला, रडवेल्या धापांचा.

"केतके, मी खोटं बोलले गं. गाडीत तुझी जागा धरली, वाटलं पुढं बसलीस; बरंच दूर गेल्यावर कळलं, तू आलीच नाहीस, मग गाडी वळवली. सर येतायत मागून. बोल ना काहीतरी."

काळोख थरारला. दगडाच्या मिठीतून, फुटलेल्या ओठांतून, तिचा स्वतःचा आवाज निघाला, वातीएवढा.

"हजर."

साहेब, तिनं उत्तर दिलं. अजून ती फटीतच आहे. दोर नाही, दिवा तोच एक, विझत आलेला. त्या ओल्या, आंधळ्या, रक्तवर्ण पोकळीत, मागं धावत आलेले आम्ही सगळे आता तुमचं नाव पुकारतोय. तुमच्या वतीनं बोलायला इथं कुणी मैत्रीण नाही.

बोला. आहात का हजर?