हर्नियापुरती संमती

निव्हेस बार्तोलाच्ची गेली सहा वर्षं रुग्णालयात एकच काम करत होती: माणसांकडून ‘हो’ लिहून घ्यायचं. भूल द्यायला हो, कापायला हो, रक्त चढवायला हो. एका ऑपरेशनला सात कागद, सात सह्या. डोंगरातल्या त्या गावात तिला लोक ‘सहीबाई’ म्हणत.

हे सात कागद आले डॉक्टर सेव्हेरीनींच्या कृपेनं. स्त्रीरोग विभागाच्या या प्रमुखांनी एकदा गाठ काढायला एका बाईचं पोट उघडलं आणि उघडलंच आहे तर म्हणून तिचं अपेंडिक्सही काढून टाकलं. बाई शुद्धीवर आली ती थेट वकिलाकडे गेली. तेव्हापासून एका गोष्टीला दिलेला होकार दुसरीला चालत नाही असा नियम झाला, आणि तो नव्या डॉक्टरांना शिकवायचं कामही सेव्हेरीनींकडेच आलं. छान शिकवायचे. निव्हेसला त्यांचा तास पाठ होता.

सोमवारी मात्र ती त्यांच्यासमोर पेशंट म्हणून बसली. वय एकेचाळीस, दोन्ही मुलं तिच्याहून उंच, आणि पोटात अकरावा आठवडा. तिथल्या कायद्यानं नव्वद दिवसांच्या आत गर्भ पाडता येतो. त्याआधी डॉक्टरचा दाखला लागतो, आणि दाखल्यानंतर सात दिवस घरी बसून विचार करावा लागतो. निव्हेसचा विचार पहिल्याच संध्याकाळी करून झाला होता. पण घरचे डॉक्टर म्हणाले, हे सेव्हेरीनींचं खातं. दर गुरुवारी शहरातून येणारे, असले दाखले देणारे डॉक्टर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी येणारा दोन गुरुवार ‘येतोय’ होता. आज पंचाहत्तरावा दिवस.

“माझ्या श्रद्धेत हे बसत नाही,” सेव्हेरीनी म्हणाले.

“ऑपरेशन तुम्ही करूच नका डॉक्टर. नुसता दाखला द्या.”

“निव्हेस, एक विचारतो. तुम्ही म्हणालात त्या द्राक्षतोडणीनंतरच्या जेवणाच्या रात्री जे झालं, ते तुमच्या मर्जीनंच ना?”

“मर्जीनंच. नवऱ्याच्याही, ओत्ताव्हिओच्या. बऱ्याच महिन्यांनी.”

“मग यातून मूल होऊ शकतं हे ठाऊक होतं. तेव्हाच्या होकारात हाही होकार आला.”

“निरोध फाटला, डॉक्टर. त्याला आम्ही होकार दिला नव्हता.”

“ठाऊक असून केलंत, म्हणजे मान्य केलंत.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

बुधवारी डॉक्टर सेव्हेरीनी स्वतः हर्नियासाठी भरती झाले. घड्याळ आणि चष्मा काढून घेतलेला, अंगात मागून उघडा झगा. निव्हेस कागद घेऊन आली. ती बोट ठेवेल तिथं ते सही करत गेले. भूल. हर्निया. रक्त. चौथ्या कागदाखाली सकाळी तिनंच घुसवलेला एक पाचवा होता: तिचा दाखला, नाव भरलेला, सहीची जागा कोरी. डॉक्टरांचं पेन त्याच्यावर आलंच होतं.

तिनं तो ओढून घेतला. न वाचता केलेली सही म्हणजे होकार नव्हे, एवढं एक वाक्य ती सहा वर्षं रोज दहादा बोलत आली होती. स्वतःचाच तिला राग आला.

“काय काढलंत?”

“तुमचा नाही तो. हा घ्या, शिकाऊ डॉक्टरांचा. सहा जण बघायला येतील.”

“छे. नको.”

“का हो?”

“मी हर्नियाला हो म्हटलंय. जत्रेला नाही.”

“पण इथं शिकाऊ डॉक्टर असतात हे ठाऊक होतं की तुम्हाला. तरी आलात.”

“ठाऊक असणं वेगळं, बाई, आणि हो म्हणणं—”

डॉक्टरांनी नजर छताकडे वळवली. चष्म्याशिवाय तिथंही काही दिसत नसावं.

“ती गोष्ट वेगळी आहे, निव्हेस.”

“हो ना. हे पोट तुमचं आहे.”

तिनं ‘नकार’च्या चौकटीत खूण केली. कोणी वाद घातला नाही. सात दिवस विचार करा, असंही कोणी म्हटलं नाही. सहाही शिकाऊ डॉक्टर कॉफी प्यायला गेले.

दुपारी जिन्यात उभं राहून तिनं डोंगरापलीकडच्या रुग्णालयाला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे हिशेब सांगितला: दाखला शुक्रवारी, मग सात दिवस, ऑपरेशन त्यानंतरच्या सोमवारी. निव्हेसनं बोटांवर मोजलं. एकोणनव्वदावा दिवस.

“त्या सोमवारी बसचा संप आहे,” ती म्हणाली.

“मग गाडीची सोय बघा. आणि बाई, मधल्या दिवसांत नीट विचार करा हं. आम्हाला सांगावं लागतं.”

“हो,” निव्हेस म्हणाली, आणि फोन ठेवून ओत्ताव्हिओला गाडीत पेट्रोल भरून ठेवायला सांगितलं.