हं

बटणावरच्या रबराला मधोमध अंगठ्याएवढा खळगा पडला होता, कडा मात्र अजून काळ्याभोर, चकचकीत... किती अंगठे, काय सांगावं, अकरा वर्षांत किती म्हातारे, कारखान्यातले किती कामगार, शाळेतली किती पोरं कान तपासायच्या या काचेच्या खोलीत बसून हे बटण दाबून गेली — कानात आवाज आला की दाबायचं, बारीकसा आला तरी दाबायचं, नाही आला तर हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायचं. एवढंच. चार वर्षांच्या पोरालाही जमतं. ती रुमालाने बटण पुसत होती आणि पुसता पुसता मांडीवर काहीतरी थरथरलं, हात आपोआप ॲप्रनच्या खिशात गेला, खिसा रिकामा. फोन तर तिने सकाळीच खणात टाकला होता, खणाला कुलूप, आणि किल्ली काकूंकडे — काकू म्हणजे पलीकडच्या टेबलावर कानाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या, सगळ्या दवाखान्याच्या काकू. "मी मागितली तरी देऊ नका," असं तिनेच बजावलं होतं. तरी मांडी थरथरत होती. जित्याची खोड.

आणि लेकीचा, खारूचा मेसेज आला असला तर?

तिने बटण खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि पहिल्या पेशंटला आत बोलावलं. निवृत्त मुख्याध्यापक होते, बरोबर बायको. बायकोच बोलत होती. "यांना माझं तेवढं ऐकू येत नाही हो. शेजारी चमचा पडला तर बरोबर विचारतात, काय पडलं म्हणून." मुख्याध्यापक हसले, म्हणजे त्यांना ऐकू आलं नव्हतं. काचेच्या खोलीत मात्र ते परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले, आणि ती बाहेर यंत्रापाशी बसून अजून काही वाजवायच्या आतच टेबलावरचा हिरवा दिवा लागला. एकदा, दोनदा, तीनदा. "सर, आवाज आला तरच दाबायचं हं," ती माइकमधून म्हणाली. "आला की!" ते दुखावून म्हणाले.

खोटं बोलत नसतात ही माणसं. आपल्याला ऐकू येत नाही हे कळू द्यायचं नसतं, समोरच्याला वाईट वाटू नये असंही असतं, मग अंदाजाने दाबतात — आता आला असेल, आता तरी आला असेल. कागदावर त्यासाठी वेगळी खूण असते. तिने ती केली, आणि पेन तिथेच थांबलं.

तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या संध्याकाळी खारू म्हणाली होती, "आई, तुला एक सांगू?"

"हं."

खारू अठरा वर्षांची. लहानपणी घास गालात साठवून ठेवायची, म्हणून खारू. दोघी जेवायच्या टेबलाशी, फोन पाण्याच्या जगला टेकवलेला, आणि फोनमध्ये एक माणूस सतरंजी धूत होता. मळकी, राखाडी, चिखलाने माखलेली सतरंजी. तो फवारा मारी, फेस करी, खरवडून काळं पाणी ओढून काढी, आणि राखाडीतून हळूहळू तांबडा रंग वर येई, मग निळी किनार, मग मधोमध एक पक्षी. पक्ष्याला एकच पाय होता, दुसऱ्याच्या जागी विरलेले दोरे... हे सगळं मला आठवतं. फेसाचा आवाज आठवतो. त्या माणसाच्या मोज्यांचा रंगसुद्धा आठवतो, पिवळे होते मेले. आणि माझी मुलगी तेवढा वेळ समोर बसून बोलत होती — ती अख्खी सतरंजी धुऊन होईपर्यंत — आणि त्यातला एक शब्द आठवत नाही. माझे 'हं' आठवतात. हं. हं. हो का. हं. बरोबर जागेवर पडत होते, वीस वर्षं संसार केलेल्या बाईला जागा कळतात.

शेवटी खारूने विचारलं होतं, "मग मी काय करू?"

आणि मी म्हणाले, "तुला पटेल ते कर गं. शहाणी आहेस तू."

खारूने ताट बेसिनमध्ये ठेवलं, हात पुसले, खोलीत गेली. दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद, मैत्रिणी बंद, खोलीचे पडदे बंद. आज बाविसावा दिवस.

विचारलं नाही असं नाही. चौथ्या दिवशी पलंगाच्या कडेला बसून, केसांवरून हात फिरवत विचारलं, "त्या दिवशी काय म्हणत होतीस गं तू?" खारू भिंतीकडे तोंड करून होती. "सांगितलं ना सगळं."

"पुन्हा एकदा सांग की."

"एकदाच जमलं, आई."

त्यानंतर खारू तोंडाने बोलतच नाही म्हटलं तरी चालेल. आज सकाळी दारावर टकटक केली, चहा घेतेस का विचारलं, आतून हूं नाही की चूं नाही. तीन पावलं परत फिरते तोवर हातातला फोन वाजला. दाराआडून मेसेज आला होता. 'नको.' बंद दारासमोर उभी राहून तो एवढासा शब्द ती वाचत राहिली, आणि वाचून झाल्यावर — शरम वाटते सांगायला — अंगठा तसाच पुढे सरकला, आणि भानावर आली तेव्हा फोनमध्ये कुणीतरी कुणाचं तरी स्वयंपाकघर आवरत होतं. म्हणून तर फोन खणात. पण आता पोरीशी बोलायचा रस्ता तोच एक, आणि तोही मीच कुलपात घालून बसले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

नवऱ्याला सांगून पाहिलं. तो एका कानातला इअरफोन काढून म्हणाला, "वयच तसलं असतं गं. बोल तू, ऐकतोय मी." दुसऱ्या कानात कुणीतरी चालूच होतं. मनाच्या डॉक्टरांची वेळ तिने दोनदा घेतली आणि दोनदा रद्द केली. ते पहिलं काय विचारणार? हेच ना — मुलगी काही बोलली होती का? आणि मी काय सांगू? हो डॉक्टर, सगळं बोलली, सविस्तर बोलली, सल्लासुद्धा विचारला तिने, आणि मी दिला.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच ती काकूंजवळ गेली. "काकू, माझी जरा चाचणी घेता?"

"का गं? तुला ऐकू येईना झालं?"

"बघा तरी."

"घ्या! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," काकू हसत उठल्या. "बस आत. माझा चष्मा कुठे गेला बघते."

जाड दार लागलं. तिने हेडफोन कानावर चढवले, बटण हातात घेतलं, अंगठा खळग्यात अगदी बरोबर बसला. आधी स्वतःचा आवंढा ऐकू आला, मग कानात रक्ताची गुणगुण, मग तेही नाही. इतकं शांत ती कित्येक वर्षांत बसली नव्हती. भाजी चिरताना, आंघोळ करताना, झोप येईपर्यंत — काहीतरी लावलेलं असायचंच. काचेपलीकडे काकू कागदांखाली चष्मा शोधत होत्या.

आई, तुला एक सांगू?

आला. अगदी स्पष्ट आला. थोडा बसलेला आवाज, दमलेला, तेव्हा कसा लक्षात आला नाही... सांग गं. सांग, मी कुठेही बघत नाही आता. खारूचे ओठ हलले, आणि पाणी. फेस. एका पायाचा पक्षी. नाही, मागे. पुन्हा. आई, तुला एक सांगू? — आणि या वेळी पुढचा शब्द आला, 'मला', नक्की आला, 'मला...' मला काय? मला भीती वाटते? मला तिकडे जायचं नाही? मला नको झालंय सगळं? सगळीच वाक्यं खारूच्याच आवाजात येऊ लागली, एकापाठोपाठ एक, सगळीच खरी वाटणारी, आणि त्यातल्या एकावर — कुठल्या ते कळण्याआधीच — अंगठ्याने बटण दाबलं.

काचेपलीकडे हिरवा दिवा लागला. काकूंनी वर पाहिलं, माइक ओढला.

"अगं, थांब की. मी अजून काही लावलंच नाही."

"आला, काकू."

"काय आला? आवाज बंदच आहे बाई."

ती अंगठ्याकडे बघत राहिली. असाच दाबला होता त्या संध्याकाळीही, 'हं' म्हणत, वीसदा, पंचवीसदा, नेमका जागेवर. बावीस दिवस मी आठवतेय, डोकं आपटून आठवतेय, आणि मला वाटत होतं की विसरले. विसरायला आधी ऐकावं लागतं. आत काही नाहीच. कितीही शांत बसले, फोन विहिरीत जरी टाकला, तरी ते वाक्य यायचं नाही, कारण ते माझ्याकडे कधी आलंच नव्हतं. ते फक्त तिच्याकडे आहे, त्या बंद खोलीत, आणि ती एकटीच ते घेऊन बसली आहे.

काकूंना चष्मा सापडला होता. त्यांनी तो नाकावर नीट बसवला, एक कळ फिरवली, आणि त्यांचा आवाज पुन्हा कानात आला. "आता लावते. नीट लक्ष दे हं. ऐकतेयस ना?"

"हं," ती म्हणाली.